सायकलची सीट, गुडघा आणि वळण

अंबड हे आमचे तालुक्याचे गाव. सकाळी कॉलेजच्या वेळेला आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून मुलेमुली सायकलींवर गावात येतात. कोणाची सायकल नवी असते, कोणाची थोरल्या भावाची, कोणाची मामाकडून आलेली. सायकल ज्याच्या मापाची असते तो क्वचितच ती चालवत असतो. एवढे साधे निरीक्षण करायलाही मला बरीच वर्षे लागली, आणि तेही एका विद्यार्थिनीच्या गुडघ्यामुळे घडले.

अकरावीच्या वर्गात मी परिबल शिकवत होतो. दाराच्या कडीला बिजागरीजवळ जोर लावला तर दार का हलत नाही, वगैरे नेहमीची उदाहरणे चालली होती. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी सारखी दोन्ही हातांनी गुडघे चोळत होती. तास संपल्यावर विचारले तेव्हा कळले, की ती सात किलोमीटरवरच्या वस्तीवरून रोज सायकलने येते. गुडघे पुढच्या बाजूने, वाटीच्या मागे दुखतात. दवाखान्यात दाखवले, सूज नाही, मार नाही, गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या की पुन्हा दुखते. "सर, घरचे म्हणतात, एवढं दुखतंय तर कॉलेज बंद कर. दिवाळीपर्यंत बघू म्हणाले." तिने हे अगदी सहज सांगितले. मी मात्र तिच्याबरोबर सायकल लावली होती तिथे गेलो.

सायकल उंच चौकटीची, जुन्या धाटणीची होती. सीट पार खाली, चौकटीला टेकलेली. ती वर बसली की दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकत. आपल्याकडे बहुतेकांना हेच बरोबर वाटते: पाय टेकले म्हणजे पडण्याची भीती नाही. मग चालवताना गुडघे जवळजवळ हँडलपर्यंत वर येतात, पण तिकडे कोणी पाहत नाही.

आता थोडा हिशेब करू. समजा, मांडी ४० सेंटिमीटर आणि गुडघ्यापासून खालचा पाय ४० सेंटिमीटर. पाय पूर्ण सरळ केला तर खुब्यापासून पायडलपर्यंतचे अंतर ८० सेंटिमीटर होईल. पायडल सर्वांत खाली असताना हे अंतर ७७ सेंटिमीटरच्या थोडे वर असेल, तर गुडघा ३० अंशांनी वाकलेला राहतो. (सरळ पाय म्हणजे शून्य अंश, असे इथे धरले आहे.) पायडल तळाशी असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा, असे सायकलस्वारांच्या पायांची मापे घेऊन ठरलेले आहे. आता सीट १० सेंटिमीटर खाली घ्या. अंतर ६७ वर येते आणि वाक ३० अंशांवरून एकदम ६५ अंशांवर जातो. त्रिकोणमिती शिकलेल्यांनी हे स्वतः पडताळून पाहावे. दोन समान भुजांचा त्रिकोण आहे, अवघड काही नाही.

पण तळाशी असताना आपण फारसा जोर लावत नाही. खरा जोर लागतो तो पायडल पुढे, आडव्या स्थितीत असताना. क्रँक, म्हणजे ज्या दांड्याच्या टोकाला पायडल असते तो, १७ सेंटिमीटर लांब धरू. नीट उंचीच्या सीटवर या क्षणी गुडघा सुमारे ७७ अंश वाकलेला असतो. १० सेंटिमीटर खालच्या सीटवर ९७ अंश. म्हणजे काटकोनाच्याही पुढे.

याचा परिणाम दोन ठिकाणी होतो. पहिला परिबलात. पायडलवर लावलेला जोर खुब्यापासून पायडलकडे जाणाऱ्या रेषेत आहे असे धरले, तर गुडघ्यापासून त्या रेषेचे लंबांतर हीच परिबलाची भुजा. नीट सीटवर ती २५ सेंटिमीटर भरते, खालच्या सीटवर ३०. जोर तोच, पण गुडघ्याभोवतीचे परिबल २० टक्क्यांनी जास्त. ते पेलायला मांडीच्या पुढच्या स्नायूला तेवढाच जास्त ताण द्यावा लागतो.

दुसरा परिणाम वाटीवर. मांडीचा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून वळसा घेऊन नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. वाटी म्हणजे विहिरीवरची कप्पीच म्हणा. दोर कप्पीवरून जितका जास्त वळेल तितकी कप्पी जास्त दाबली जाते. दोराचा ताण एक मानला तर ७७ अंशांच्या वळणाला कप्पीवरचे बल १.२५ आणि ९७ अंशांच्या वळणाला १.५० येते. इथेही वाढ २० टक्केच. पण या दोन वाढींची बेरीज करायची नाही, गुणाकार करायचा. ताण १.२ पट, त्या ताणामुळे पडणारा दाब आणखी १.२ पट, म्हणून वाटीमागचा दाब १.४४ पट. सीट फक्त चार बोटे-वीतभर खाली, आणि गुडघ्याची वाटी जवळजवळ दीडपट जोराने हाडावर घासते!

हा हिशेब ढोबळ आहे हे कबूल करतो. खरा गुडघा बिजागरीसारखा एकाच बिंदूभोवती फिरत नाही, घोटाही हलतो, वाटी कप्पीइतकी गोल नसते. तरी वाढ कोणत्या दिशेला आणि साधारण किती, हे त्यातून कळते, आणि आपल्या कामाला तेवढे पुरते.

हा दाब दिवसातून किती वेळा पडतो? सायकलच्या पुढच्या मोठ्या चाकाला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतील, आणि चाकाचा परीघ २.२ मीटर असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.४ मीटर पुढे जाते. सात किलोमीटरला सुमारे १३०० फेरे, जाऊन येऊन २६००. महिन्याचे कॉलेजचे दिवस २५ धरले तर प्रत्येक गुडघा ६५ हजार वेळा दाबला जातो. एखाद्या वेळी दीडपट दाब पडला तर शरीर मनावर घेत नाही. ६५ हजार वेळा पडला तर तक्रार करणारच.

मग सीट किती उंच हवी? सर्वांत सोपी रीत टाचेची. सायकल भिंतीला टेकवा किंवा मित्राला धरायला सांगा. सीटवर बसा, पायडल तळाशी न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा अगदी सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. पुढे चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर येतो, पाय तेवढा लांबतो आणि गुडघ्याला हवा तेवढा वाक मिळतो. या रीतीला ना फूटपट्टी लागते ना कागद.

मोजमापाची आवड असलेल्यांसाठी दुसरी रीत आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. एक पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट सरकवा, त्याची कड भिंतीला काटकोनात ठेवा, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. ही झाली पायाची आतली लांबी. १९६७ साली इंग्लंडमध्ये हॅम्ली आणि टॉमस या दोघांनी वेगवेगळ्या उंचीच्या सीटवर माणसे बसवून प्रयोग केले. पायडलपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर (पायडल सीटच्या नळीच्या रेषेत, सर्वांत लांब असताना) आतल्या लांबीच्या १०९ टक्के ठेवले तर थोड्या वेळात सर्वांत जास्त जोर काढता येतो, असे त्यांना आढळले. शर्यतीच्या सायकलस्वारांत दुसरा एक आकडा चालतो: आतली लांबी गुणिले ०.८८३ म्हणजे क्रँकच्या आसापासून सीटपर्यंतचे अंतर. दोन्हींचा ताळा करून पाहा. आतली लांबी ८० सेंटिमीटर असेल तर पहिल्या रीतीने ८७.२, त्यातून क्रँकचे १७ वजा केले की ७०.२. दुसऱ्या रीतीने ७०.६. फरक चार मिलिमीटर! मात्र पाय आखूड असेल तर दोन उत्तरांत दोनेक सेंटिमीटरचा फरक पडतो, कारण सायकलच्या कारखान्यात क्रँक बहुधा एकाच लांबीचा बसवतात, बसणारा उंच असो की बुटका. अशा वेळी खालचे उत्तर घ्यावे आणि टाचेच्या रीतीने खात्री करावी.

आमच्या विद्यार्थिनीच्या पायाची आतली लांबी ७२ सेंटिमीटर भरली. १०९ टक्के म्हणजे ७८.५. तिच्या सायकलवर प्रत्यक्ष अंतर होते ६८. साडेदहा सेंटिमीटर कमी! वर्गातल्या मुलांनी फळ्यावर हे गणित केले तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "सर, म्हणजे माझा गुडघा बिघडलेला नाही, सीट बिघडली आहे."

सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या वयस्क मिस्त्रींना गावातली सगळी मुले चाचाच म्हणतात. सीटची नळी गंजून चौकटीत अडकली होती. चाचांनी तेल सोडले, रात्रभर ठेवायला सांगितले, आणि एक आक्षेप घेतला. "सर, सीट इतकी वर घेतली तर पोरगी पडेल. उंचावरचं ओझं लवकर कलतं."

आक्षेप वजनदार होता. बैलगाडीत कडब्याच्या पेंढ्या उंच रचल्या तर गाडी कलंडते, हे आपण पाहतोच. पण गाडीला दोन चाके शेजारी-शेजारी असतात. ती आपल्या रुंद पायावर उभी असते. सायकलचा पाया म्हणजे एक रेघ. ती उभी राहत नाही, तिला सतत सावरावे लागते. सावरण्याचा नियम वेगळा आहे. घरी करून पाहा: तळहातावर पेन्सिल उभी तोलून धरा. जमणार नाही. आता खराट्याची किंवा शिडाची लांब काठी उभी तोला. थोड्या सरावाने जमते. लांब काठीचा गुरुत्वमध्य उंच असतो, म्हणून ती सावकाश कलते आणि हाताला सावरायला वेळ मिळतो. कलायला लागणारा वेळ गुरुत्वमध्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. स्वारासह सायकलचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १०० ऐवजी ११० सेंटिमीटरवर गेला तर सायकल पाचेक टक्के सावकाश कलेल. म्हणजे चालत्या सायकलवर उंच सीटमुळे तोल सांभाळायला काकणभर सोपेच जाते.

हे मी चाचांना मोठ्या ऐटीत समजावून सांगितले. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सीट वर घेऊन दिली. तिसऱ्या दिवशी मुलगी पडली.

लागले नाही फारसे, कोपर खरचटले. पण पडली ती चालत्या सायकलवरून नव्हे. बसस्थानकापाशी समोर म्हैस आली म्हणून थांबताना पडली. सवयीने तिने पाय खाली सोडला आणि जमीन चार बोटे खाली होती. माझे गणित चालत्या सायकलचे होते. चाचांच्या डोळ्यांपुढे थांबणारी सायकल होती. चूक माझी. उंच सीटवर थांबण्याची रीत वेगळी असते: ब्रेक लावत वेग कमी करायचा, एक पायडल तळाशी आणून त्यावर उभे राहायचे, सीटवरून पुढे उतरायचे आणि दुसरा पाय जमिनीवर टेकवायचा. थांबल्यावर सीटवर बसून राहायचेच नाही. हे आधी शिकवायला हवे होते. शिवाय साडेदहा सेंटिमीटर एका दिवसात वाढवणेही बरोबर नव्हते. स्नायूंना नव्या लांबीची सवय नसते.

म्हणून आम्ही सीट पुन्हा खाली आणली आणि तीन हप्त्यांत, आठ-आठ दिवसांच्या अंतराने वर नेली. दर वेळी फक्त सीटची उंचीच बदलायची, दुसरे काही नाही. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच राशी बदलतो, ती शिस्त इथेही पाळावी. नाहीतर उंचीही बदलली, सीट पुढेही सरकवली, हँडलही वर केले, आणि दुखणे थांबले किंवा वाढले, तर ते कशाने हे कळायला मार्ग राहत नाही. आणखी एक सांगून ठेवतो: सीटची नळी चौकटीच्या आत निदान सहा-सात सेंटिमीटर राहिली पाहिजे. नव्या नळीवर त्यासाठी खूण असते, जुन्यांवर नसते. याहून जास्त वर ओढली तर नळी वाकेल किंवा चौकट चिरेल. नळी अपुरी पडत असेल तर लांब नळी घ्यावी, दुकानात मिळते.

उंचीनंतर पाऊल. पुष्कळ मुले तळव्याचा मधला भाग पायडलवर ठेवून चालवतात. चवड्याचा जाड भाग, अंगठ्यामागचे हाड, पायडलच्या आसावर यावा. म्हणजे घोटाही कामाला लागतो आणि धक्के थेट गुडघ्यात जात नाहीत. पाऊल किती बाहेर वळलेले असावे? उंच टेबलावर बसून पाय सैल सोडा. पावले आपोआप जेवढी बाहेर वळतील तेवढा तुमचा नैसर्गिक कोन. कोणाचा पाच अंश, कोणाचा पंधरा. पावले जबरदस्तीने समांतर ठेवू नका; पाऊल पिळले की तो पीळ वर गुडघ्यात जातो. साध्या पायडलवर पाऊल स्वतःच आपली जागा शोधते. शर्यतीच्या सायकलस्वारांचे बूट पायडलमध्ये अडकवलेले असतात, तिथे कोन चुकला तर सुटका नसते.

आणि चूक किती वेळा वाढते पाहा. अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा अशी सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत असते. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, १२ दिवसांच्या आत पूर्ण केली. एका फेऱ्यात सहा मीटर धरले तरी एवढ्या अंतराला आठ लाख फेरे होतात. अशा शर्यतीत सीट पाच मिलिमीटर इकडेतिकडे असणे म्हणजे काय, याचा अंदाज करा.

सीट पुढे-मागे किती असावी याविषयी एक रूढ नियम आहे. क्रँक आडवे ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला तर तो पायडलच्या आसावर पडावा. नियम उपयोगी आहे, मी स्वतः वापरतो. पण त्यामागे गुरुत्वाकर्षणाचे काही गूढ आहे असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. रेलून बसायच्या सायकलीही असतात. त्यात पायडल स्वाराच्या पुढे असते, ओळंबा कुठल्या कुठे पडतो, आणि गुडघे ठणठणीत राहतात. हा अनुभवाचा नियम आहे, निसर्गाचा नव्हे. सीट सपाट आहे का ते पाहायला तिच्यावर फळी ठेवा आणि फळीवर पाऊण भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवा. हवेचा बुडबुडा मध्ये राहिला की झाले.

आता वळणाकडे येऊ. सीट बेताची झाल्यावर मुलीने आपणहून सांगितले, की वळताना आता हात ताठ होत नाहीत. पूर्वी गुडघे हँडलला लागतील म्हणून ती वळणावर पायडल थांबवून, हँडल घट्ट धरून, सायकल उभीच ठेवून वळायची. उभी सायकल वळत नाही. ती झुकली पाहिजे. किती? वळताना जमिनीचे घर्षण सायकलला वळणाच्या केंद्राकडे ढकलते. हेच अभिकेंद्री बल. ते चाकाच्या तळाशी लागते, म्हणून ते सायकलला बाहेरच्या बाजूला पाडू पाहते. आपण आत झुकलो की जमिनीचे वरच्या दिशेचे बल तिला आतल्या बाजूला पाडू पाहते. दोन्ही परिबले समान झाली की तोल साधतो. त्यातून हे सूत्र निघते:

झुकावाच्या कोनाचे टॅन = (वेग × वेग) ÷ (वळणाची त्रिज्या × ९.८)

वेग सेकंदाला मीटरमध्ये, त्रिज्या मीटरमध्ये. सेकंदाला ५ मीटर, म्हणजे तासाला १८ किलोमीटर वेगाने १० मीटर त्रिज्येचे वळण घेतले तर झुकाव १४ अंश. वेग सेकंदाला ८ मीटर झाला तर ३३ अंश. वेग दीडपटीहून थोडा वाढला आणि झुकाव दुपटीहून जास्त झाला, हे ध्यानात घ्या. सूत्रात वजन नाही, सीटची उंचीही नाही. जाडा असो की बारीक, सीट उंच असो की खाली, वेग आणि वळण तेच असेल तर झुकाव तोच.

पण सूत्र मागते तेवढे घर्षण जमीन देईलच असे नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर ३३ अंश झुकता येते. त्याच रस्त्यावर वाळू सांडली असेल, किंवा ऊसगाळपाच्या दिवसांत ट्रॉल्यांतून पडलेले पाचट ओले झाले असेल, तर चाक १५ अंशांतही निसटू शकते. काळ्या मातीच्या ओल्या वाटेवर तर सायकल उभीच धरून, अगदी सावकाश, मोठ्या त्रिज्येने वळावे. दुसरी काळजी पायडलची. वळणाच्या आतल्या बाजूचे पायडल वर आणि बाहेरच्या बाजूचे तळाशी ठेवून त्यावर भार द्यावा. आतले पायडल तळाशी राहिले तर साधारण ३० अंशांच्या झुकावाला ते जमिनीला लागते आणि मागचे चाक उचलले जाते. आपल्या सायकलवर हा कोन किती येतो ते मोजून काढणे हा एक चांगला प्रयोग आहे. पायडलची जमिनीपासूनची उंची आणि मधल्या रेषेपासून त्याच्या बाहेरच्या टोकाचे अंतर, एवढी दोन मापे पुरतात.

झुकायला सुरुवात कशी होते हीसुद्धा मजाच आहे. मोकळ्या मैदानात, बेताच्या वेगात, उजव्या मुठीला तळहाताने किंचित पुढे ढकला. चाक क्षणभर डावीकडे वळेल, आणि सायकल उजवीकडे झुकून उजवीकडेच वळेल. आपण सगळे नकळत हेच करतो. विमान उडवण्याआधी सायकलचे दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटने हे हेरले होते. सायकलस्वारांना विचारले तर त्यांना आपण असे करतो याचा पत्ताच नव्हता.

या सूत्रावर वर्गात बोलत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने फोनवर पाहिलेल्या चित्रफितीचा विषय काढला. काश्मीरमध्ये गुलमर्गच्या उतारावर माणसे एका फळीवर आडवी उभी राहून, जमिनीला हात लागेपर्यंत झुकून वळतात. "सर, त्यांना हँडल नाही, चाक नाही. मग वळतात कशी?" प्रश्न मला आवडला. त्या फळीला स्नोबोर्ड म्हणतात. १९६५ साली अमेरिकेत शेर्मन पॉपेन यांनी मुलींच्या खेळण्यासाठी दोन स्की जोडून तिचा पूर्वज बनवला, आणि १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे.

वळण्याचे रहस्य फळीच्या कडेत आहे. फळी टोकांशी रुंद आणि मध्ये निमुळती असते; तिची कड म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा. त्या वर्तुळाची त्रिज्या समजा ८ मीटर. फळी कडेवर झुकवली की ती वाकते आणि कड बर्फात कमानीसारखी रुतते. जितका झुकाव जास्त तितकी कमान जास्त आवळ: वळणाची त्रिज्या कडेच्या त्रिज्येला झुकावाच्या कोसाइनने गुणून येते. ४५ अंशांना ८ मीटरचे साडेपाच-पावणेसहा मीटर होतात. वरच्या सूत्रात ही त्रिज्या घातली तर, बर्फ सपाट धरून, ४५ अंश झुकून तोल राखायला तासाला सुमारे २७ किलोमीटर वेग लागतो असे निघते. आपला हँडलवाला झुकाव आणि त्यांचा बिनहँडलचा झुकाव एकाच सूत्रात बसतो.

आणि तिथे पावलांची मांडणी आपल्याहूनही महत्त्वाची, कारण दोन्ही बूट बाइंडिंग नावाच्या पकडीत घट्ट आवळलेले असतात. पावले वळण्याचा कोन स्क्रूने ठरवायचा असतो. पुढचे पाऊल फळीच्या आडव्या रेषेपासून साधारण १५ अंश पुढे वळवून आणि मागचे जवळजवळ आडवे ठेवून सुरुवात करतात. कडेवर खोल झुकून वळायचे असेल तर दोन्ही पावले आणखी पुढे वळवतात. दोन पावलांतले अंतर खांद्यांच्या रुंदीहून थोडे जास्त. बुटाचे टोक आणि टाच फळीच्या दोन्ही कडांबाहेर सारखीच यावी, नाहीतर झुकल्यावर बूट बर्फाला घासून फळी निसटते. आतल्या पायडलची आठवण झाली ना? गुडघा दुखू लागला की तिथेही आधी पावलांचा कोनच तपासतात, दोन-तीन अंशांनी बदलून, एका वेळी एकाच पावलाचा. त्या मुलाने विचारले, आपल्याकडे बर्फ कुठे? बर्फ नाही हे खरे. टेबलावर बसून पाय सैल सोडण्याचा प्रयोग मात्र त्याने तिथेच करून पाहिला. त्याचे डावे पाऊल उजव्यापेक्षा जास्त वळलेले निघाले. बहुतेकांचे असे थोडेफार असतेच.

मुलीच्या गुडघ्यांचे पुढे काय झाले हे सांगायचे राहिले. पहिल्या आठवड्यात फरक पडला नाही. तिसऱ्या हप्त्यानंतर चढावर दुखणे थांबले. सपाटीवर त्यानंतरही दहा-बारा दिवस थोडे दुखत होते. एकदा उत्साहात तिने सीट मापापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त वर घेतली, तेव्हा गुडघा मागच्या बाजूने ओढू लागला आणि कंबर डुलू लागली. बहुधा असेच असते: पुढून दुखले तर सीट खाली आहे, मागून ओढले तर वर. पण गुडघा सुजला असेल, अडकत असेल किंवा बसल्या जागीही दुखत असेल, तर तो सीटचा प्रश्न नव्हे, डॉक्टरांना दाखवावे.

दिवाळीनंतर ती वर्गात होती. तिचा धाकटा भाऊ आता आठवीत आहे आणि रविवारी तीच सायकल शेतावर नेतो. सोमवारी सीट पुन्हा खाली आलेली असायची आणि तिला दर वेळी मोजत बसावे लागायचे. चाचांनी त्यावर तोड काढली. सीटच्या नळीवर ऑइलपेंटने दोन बारीक रेघा ओढून दिल्या: तांबडी ताईची, पांढरी भावाची. पाना तेवढा सायकलला बांधून ठेवला आहे.